अवघड टेक्निकल पुस्तक वाचायचं कसं? त्याच्यावर स्वतःची टीका लिहायची

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट सेकंड इयरला आलाय, ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्सचं जाडजूड पुस्तक लायब्ररीतून घेऊन बसलेला. म्हणाला, "मावशी, तीन तास झाले, चार पानं पण झाली नाहीत, मी मठ्ठ आहे का गं?" मला पोटात तुटलं, कारण बरोबर हाच प्रश्न मी वीस वर्षांपूर्वी होस्टेलच्या खोलीत स्वतःला विचारायचे, आणि तेव्हा फोन करून विचारावं असं मला कोणीच नव्हतं. त्याला त्या रात्री जे सांगितलं आणि नंतर आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं करून घेतलं ते इथे नीट लिहून ठेवतेय, कारण त्याच्यासारखी खूप मुलं आहेत, विशेषतः मराठी माध्यमातून आलेली, डिप्लोमाची, गावाकडून आलेली, जी पुस्तक समजलं नाही की दोष स्वतःला देतात आणि गप्प बसतात.

आधी वेगाचं बोलू. तीन तासात चार पानं हा काही वाईट वेग नाही. कादंबरी तासाला तीस-चाळीस पानं होते म्हणून आपल्याला वाटतं की टेक्निकल पुस्तकाचं पण दहा तरी व्हायला पाहिजेत, पण हे वाचणंच वेगळं आहे. गणित ठासून भरलेलं पुस्तक नव्याने शिकताना तासाला दोन पानं म्हणजे व्यवस्थित चाललंय, कधी कधी एकच पान, आणि काही पानांवर अख्खी संध्याकाळ जाते. हे मला कोणीतरी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर माझी एक बॅक, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, वाचली असती असं मला खरंच वाटतं, कारण मी समजत नाहीये म्हणून घाईघाईने पुढे पळायचे आणि पुढचं तर मागच्यावरच उभं असतं, मग तेही समजायचं नाही.

आता पुस्तक एवढं अवघड का असतं ते बघा. लेखकाला त्रास द्यायचा असतो म्हणून नव्हे. ते दाबून भरलेलं असतं म्हणून. जे शोधायला लोकांची आयुष्यं गेली ते अर्ध्या पानात बसवलेलं असतं. फूरिए या फ्रेंच गणितज्ञाचंच उदाहरण घ्या, कुठलीही पिरिऑडिक गोष्ट साइन-कोसाइनच्या बेरजेने लिहिता येते ही गोष्ट त्याने १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडली, तपासणाऱ्यांमध्ये लाग्रांजसारखा मोठा गणितज्ञ होता, त्याला ते पटलं नाही, आणि फूरिएचं पुस्तक छापून आलं १८२२ ला. पंधरा वर्षं! लाग्रांजसारख्या माणसाला जी गोष्ट गळी उतरली नाही ती आपल्याला मंगळवारच्या दुपारच्या लेक्चरला चाळीस मिनिटात कळली नाही, तर त्यात मठ्ठपणा कुठे आला.

आणि आपल्याकडे तर हे फार पूर्वीपासून माहिती होतं की दाबून लिहिलेला ग्रंथ नुसता वाचायचा नसतो, त्याच्यावर टीका लागते. टीका म्हणजे आज आपण म्हणतो तसं नावं ठेवणं नव्हे, टीका म्हणजे उलगडून सांगणं. गीतेचे श्लोक सातशे आणि ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे एका श्लोकामागे बारा-तेरा ओव्या. गणितातही तेच. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास सिद्धान्तशिरोमणी लिहिला तो श्लोकांमध्ये, इतका घट्ट की स्वतःच त्याच्यावर भाष्य लिहायला लागलं, आणि नंतर त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटणला या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे. त्याच ग्रंथातल्या लीलावती या अंकगणिताच्या भागावर गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये बुद्धिविलासिनी नावाची टीका लिहिली, म्हणजे मूळ ग्रंथानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी सुद्धा लोक ते उलगडतच होते. ग्रंथ, टीका आणि शिकवणारा अशी तीन चाकांची ती गाडी होती, आणि आपल्या हातात आज फक्त ग्रंथ येतो, तोही परक्या भाषेतला.

म्हणून माझं सगळं सांगणं एवढंच आहे की पुस्तकावर आपली टीका आपण लिहायची. एक वही करायची, दोनशे पानी, साधी. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे पुस्तकातली ओळ, पान नंबर घालून, उजवीकडे त्या ओळीचा आपण केलेला उलगडा, मराठीत, मोडक्या भाषेत, कसाही, आपल्याला कळेल असा. सगळं पुस्तक उतरवायचं नाही हां, जिथे अडलो तेवढंच. आणि शेवटची दहा पानं सोडून द्यायची, त्याचं सांगते पुढे.

बसायच्या आधी

प्रस्तावना वाचा. कोणीच वाचत नाही, मीही वाचायचे नाही, पण लेखक तिथे सरळ लिहून देतो की हे पुस्तक कोणासाठी आहे, आधी काय यायला पाहिजे, आणि बऱ्याचदा कुठला चॅप्टर कुठल्या चॅप्टरवर अवलंबून आहे हे पण असतं. भाच्याच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत कॅल्क्युलस आणि कॉम्प्लेक्स नंबर्सची ओळख गृहीत धरलीय असं स्पष्ट होतं. त्याच्या डिप्लोमात कॉम्प्लेक्स नंबर झाले होते पण घाईत, सबमिशनच्या गडबडीत, आणि ई चा आय थीटा घात म्हणजे काय हे त्याला अजिबात माहिती नव्हतं. म्हणजे तो चौथ्या चॅप्टरमध्ये अडकला नव्हताच, तो तीन वर्षं मागे अडकला होता आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. आम्ही दोन संध्याकाळी फक्त कॉम्प्लेक्स नंबर केले, अकरावीच्या पुस्तकातून, आणि त्यात कमीपणा वाटायचं काहीएक कारण नाही, पाया खणायला खालीच जावं लागतं.

मग चॅप्टर उघडलात की पहिल्या ओळीपासून सुरू करू नका. आधी आकृत्या बघा, आकृत्यांखालचं बारीक वाचा, मग थेट शेवटी जाऊन एक्सरसाइजचे पहिले तीन-चार प्रश्न वाचा, सोडवायचे नाहीत, फक्त वाचायचे, की हा चॅप्टर संपल्यावर माझ्याकडून काय यायला हवंय. याला वीस मिनिटं लागतात. पण त्यानंतर वाचताना डोक्याला माहिती असतं की आपण कशाच्या शोधात आहोत.

अडलंय नक्की कुठे

"समजलं नाही" हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या दुखण्यांना वापरतो. कधी इंग्रजी अडलेलं असतं, कधी चिन्ह अडलेलं असतं, आणि कधी खरोखर कल्पना किंवा मधली पायरी. डॉक्टरकडे गेल्यावर नुसतं "दुखतंय" म्हणून भागत नाही, कुठे ते सांगावं लागतं, तसंच हे.

इंग्रजीचं दुखणं सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मग तालुक्याच्या मराठी शाळेत शिकले, मला पहिल्या वर्षी "आर्बिट्ररी" म्हणजे काय कळायचं नाही, मला वाटायचं काहीतरी खास प्रकारची संख्या असते. अर्थ एवढाच की कुठलीही एक, तुम्हाला हवी ती. "विदाउट लॉस ऑफ जनरॅलिटी" दिसलं की मी घाबरायचे, त्याचा अर्थ आहे की एका केससाठी करून दाखवतो, बाकीच्या तशाच होतात. "सच दॅट" म्हणजे अशी की. "इफ अँड ओन्ली इफ" म्हणजे दोन्हीकडून खरं. "लेट" म्हणजे आपलं भूमितीतलं "समजा". असे चाळीस-पन्नासच शब्द आहेत जे सगळ्या टेक्निकल पुस्तकात पुन्हा पुन्हा येतात, ते एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले की महिन्याभरात इंग्रजीची भीती बरीच ओसरते. आणि कोएफिशंट म्हणजे सहगुणक, व्हेरिएबल म्हणजे चल, पॉलिनोमिअल म्हणजे बहुपदी, हे तुम्हाला येतंच, फक्त नाव बदललंय. अडलं तर राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, गणिताचा पण आहे, त्यातले काही शब्द फार जड आहेत हे कबूल, पण तो शब्द फोडला की बऱ्याचदा अर्थ आत बसलेला सापडतो.

थिअरम आलं की एक जुनी सवय कामाला लावा. नववी-दहावीच्या भूमितीत आपण पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहायचो ना, ते अगदी तसंच इथे लिहायचं. पक्षात काय काय दिलंय, एकेक वेगळं. साध्यात काय मिळवायचंय. इंग्रजीतलं थिअरम चार ओळींचं एकच लांबलचक वाक्य असतं आणि त्यात गृहीत कुठे संपतं आणि निष्कर्ष कुठे सुरू होतो हेच दिसत नाही. तेच वाक्य पक्ष आणि साध्य असं फोडलं की निम्मं काम होतं. मराठी माध्यमाच्या मुलांकडे ही शिस्त आधीपासून आहे, फक्त ती इथे वापरायची हे कोणी सांगत नाही.

चिन्हांसाठी प्रत्येक चॅप्टरला वहीत एक छोटा कोपरा ठेवा, कुठलं अक्षर कशासाठी. एकाच पुस्तकात एकच अक्षर दोन अर्थांनी येतं, आणि इलेक्ट्रिकलवाले वर्गमूळ उणे एकला आय न म्हणता जे म्हणतात कारण आय त्यांनी करंटला दिलेला असतो. अशा एका जे पायी भाच्याचा दीड तास गेला होता. दीड तास!

कल्पना अडली तर छोटे आकडे घ्या

हा भाग जरा सावकाश सांगते कारण खरं मर्म इथे आहे.

कन्व्होल्यूशनचं पान, म्हणजे इनपुट (एक्स) आणि सिस्टिमचा रिस्पॉन्स (एच) यांच्यावरून आउटपुट (वाय) काढायची रीत. व्याख्या अशी दिलेली: वाय ऑफ एन बरोबर सिग्मा, एक्स ऑफ के गुणिले एच ऑफ एन वजा के. आणि त्याखाली कृती, की एच उलटा करा, सरकवा, गुणा, बेरीज करा. भाचा म्हणाला, "मावशी, करता येतं मला, पेपरात मार्क पण मिळतील, पण उलटा का करायचा?" मी म्हटलं, अरे हा प्रश्न पडला म्हणजे तू वाचतोयस बरोबर, आता पुस्तक मिट आणि वही घे.

समजा एक गोळी आहे. ज्या दिवशी घेतली त्या दिवशी तिचा असर २, दुसऱ्या दिवशी १, मग संपलं. तू पहिल्या दिवशी १ गोळी घेतलीस, दुसऱ्या दिवशी २, तिसऱ्या दिवशी ३. आता प्रत्येक दिवशी अंगात एकूण असर किती? पहिल्या दिवशी १ गोळीचे २. दुसऱ्या दिवशी आजच्या दोन गोळ्यांचे ४ आणि कालच्या एकीचा उरलेला १, झाले ५. तिसऱ्या दिवशी आजच्या तिघींचे ६ आणि कालच्या दोघींचे २, झाले ८. चौथ्या दिवशी गोळी नाही, पण कालच्या तिघींचे ३ आहेतच. उत्तर २, ५, ८, ३.

हेच कन्व्होल्यूशन आहे, याच्यापेक्षा जास्त काही नाही. इनपुट १, २, ३ आणि सिस्टिमचा रिस्पॉन्स २, १. आणि उलटा का करायचा, तर बघ तू आत्ता काय केलंस, आजचा हिशोब करताना तू मागे वळून बघितलंस, आजच्या गोळीला पहिला आकडा लावलास, कालच्या गोळीला दुसरा. दिवस पुढे चाललेत आणि तू मागे मोजतोयस. एन वजा के म्हणजे "किती दिवसांपूर्वी" एवढंच. उलटा करणं ही वेगळी युक्ती नाहीच, मागे वळून बघण्याचंच ते नाव.

मग मी त्याला सांगितलं की आता १२३ ला २१ ने गुण. त्याने गुणलं. २५८३. दोन मिनिटं फोनवर शांतता आणि मग "अगं मावशी, हे तेच आकडे आहेत!" हो, तेच आहेत, कारण तिसरी-चौथीत आपण जो गुणाकार शिकलो तो आकड्यांचं कन्व्होल्यूशनच असतो, इथे फक्त हातचा आला नाही म्हणून आकडे जसेच्या तसे दिसले. ही ओळ त्याने वहीत उजवीकडे लिहिली आणि भोवती चौकट केली. ही झाली टीका. पुस्तकात एका ओळीची व्याख्या आहे, त्याच्या वहीत ते दीड पान झालं, आणि आता ते त्याचं आहे.

तर नियम असा की व्याख्येत एन दिसला की तिथे १, २, ३ घालून बघायचं, मॅट्रिक्स दिसलं की दोन बाय दोनचं घ्यायचं, फंक्शन दिसलं की सगळ्यात साधं घ्यायचं. आणि उत्तर तपासायला काहीतरी पडताळा शोधायचा, वरच्यात इनपुटची बेरीज ६, रिस्पॉन्सची ३, गुणाकार १८, आणि उत्तराची बेरीज २ अधिक ५ अधिक ८ अधिक ३, तीही १८. असा पडताळा जुळला की जो विश्वास येतो तो कोणाच्या शिकवण्याने येत नाही.

"सहज दाखवता येईल की"

या वाक्याने मी अक्षरशः रडलेय. "इट कॅन बी ईझिली शोन दॅट". सहज म्हणजे कोणाला सहज! ते वाक्य आपल्याला कमी लेखायला लिहिलेलं नसतं, एवढं मला आता कळलंय. त्याचा खरा अर्थ असतो की इथे नवीन कल्पना नाहीये, फक्त हात चालवायचाय, जागा वाचवायला मी गाळलं. म्हणजे तो आपल्याला दिलेला होमवर्क असतो, आणि तिथे पुस्तक मिटून वही उघडायची असते.

स्क्वेअर वेव्हची फूरिए सिरीज, म्हणजे तिला साइनच्या बेरजेने लिहिणं, हे माझं स्वतःचं दुखणं होतं. अर्धा वेळ वर १, अर्धा वेळ खाली उणे १, असा सिग्नल. पुस्तकात एक इंटिग्रल आणि पुढच्या ओळीत थेट उत्तर, की सहगुणक ४ भागिले एन पाय, आणि तेही फक्त विषम एनसाठी. सम कुठे गेले? मी दोन दिवस शोधत होते. मधली गाळलेली ओळ एवढीच होती की इंटिग्रल सोडवल्यावर १ वजा कॉस एन पाय असं येतं, आणि कॉस एन पाय मध्ये एन १ घातला तर उणे १, २ घातला तर अधिक १, ३ घातला की परत उणे १. म्हणजे विषमाला १ वजा उणे १, झाले २, आणि समाला १ वजा १, शून्य. बस. एवढीशी गोष्ट, पण छापलेली नव्हती.

मग कॅल्क्युलेटर घेऊन वेव्हच्या वरच्या सपाट भागाच्या बरोबर मध्यावर किंमत काढली, तिथे उत्तर १ यायला पाहिजे. एक टर्म घेतली तर १.२७. दोन घेतल्या, ०.८५. तीन, १.१०. चार, ०.९२. वर-खाली हेलकावे घेत घेत १ कडे येतंय. मला अजून ती संध्याकाळ आठवते, मेसची घंटा झाली होती आणि मी गेलेच नाही, कारण इतके दिवस ज्याच्यावर नुसता विश्वास ठेवायचा होता ते माझ्या डोळ्यासमोर होत होतं. आणि जिथे वेव्ह खालून वर उडी मारते त्याच्या अगदी शेजारी मात्र कितीही टर्म घेतल्या तरी उडीच्या जवळपास ९ टक्के जास्तीचं टोक राहतंच, त्याला गिब्जचं नाव आहे, त्याने ते १८९९ ला लिहिलं, पण विल्ब्रहॅम नावाच्या माणसाने १८४८ मध्येच लिहून ठेवलेलं होतं आणि लोक विसरून गेले होते. फूरिएच्या पुस्तकानंतर एवढ्या वर्षांनी! तुम्ही आकडे घालून बघितले तर हे टोक तुम्हालाही सापडतं, पुस्तकाने सांगायच्या आधी.

किती वेळ झगडायचं

माझं माप पाऊण तास. एका ओळीवर पाऊण तास प्रामाणिकपणे, हातात पेन घेऊन, आकडे घालून झाला आणि तरी नाही सुटलं, तर वहीच्या त्या शेवटच्या दहा पानात जायचं आणि प्रश्न पूर्ण वाक्यात लिहायचा, तारीख घालून, नंबर घालून. "कन्व्होल्यूशन समजलं नाही" असं नाही लिहायचं. "पान अमुक, तिसऱ्या ओळीत एच च्या कंसात एन वजा के आहे, के वजा एन का नाही?" असं लिहायचं. आणि मग ती ओळ खरी मानून पुढे जायचं. हे पळून जाणं नाही, कारण प्रश्न लिहून ठेवलाय. निम्मे प्रश्न तर वाक्य लिहिता लिहिताच सुटतात, आणि काही पुढच्या चॅप्टरला गेल्यावर आपोआप सुटतात कारण तिथे लेखक तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने आणतो.

विचारायला जाताना पण हाच लिहिलेला प्रश्न घेऊन जा. "सर, समजलं नाही" म्हटलं की सरांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि त्यांना वेळ नसतो, मग ते "वाच परत" म्हणतात आणि आपण दुखावतो. पण पान, ओळ आणि मी इथपर्यंत केलंय असं दाखवलं तर फार थोडे शिक्षक परत पाठवतात. सिनिअरला विचारा, रूममेटला विचारा, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे दोघा-तिघांनी तेच चॅप्टर वाचून आठवड्याला एकदा भेटायचं, एकाने फळ्यावर सांगायचं, बाकीच्यांनी अडवायचं.

दुसरं पुस्तक, व्हिडिओ, लोकल ऑथर

मोठ्या पुस्तकाला एक जोडीदार पुस्तक लागतंच. लोकल ऑथरच्या पुस्तकाला नाकं मुरडणारे खूप भेटतील, माझं तसं मत नाही, त्यात सोडवलेली उदाहरणं भरपूर असतात आणि गाळलेल्या पायऱ्या छापलेल्या असतात, आणि पहिल्यांदा हात बसायला तेच लागतं. पण फक्त तेच वाचलं तर कृती येते आणि "का" राहून जातो, मग थर्ड इयरला डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, आलं की कोसळतं. म्हणून उदाहरणं लोकलमधून, कल्पना मोठ्या पुस्तकातून. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं बघा, मागची एडिशन चालते, बेसिक विषयात गणित तेच असतं आणि जुनी एडिशन बऱ्याचदा बारीक आणि सुटसुटीत असते.

व्हिडिओचं मात्र एक पाळा, आधी स्वतः वाचून अडायचं आणि मगच बघायचा. एनपीटीईएलवर आपल्या आयआयटीवाल्यांची लेक्चर्स फुकट आहेत, एमआयटीच्या ऑपनहाइम सरांची सिग्नल्स अँड सिस्टिम्सची १९८७ सालची लेक्चर्स पण फुकट आहेत आणि अजूनही ऐकण्यासारखी आहेत. पण आधी न वाचता बघितलं तर सगळं कळल्यासारखं वाटतं, मान डोलते, आणि दुसऱ्या दिवशी कोरं पान समोर ठेवलं की पेन हलत नाही. अडून मग बघितलं तर बरोबर आपल्या अडलेल्या जागी कान टवकारतात.

आणि पुस्तक पण चुकतं हे लक्षात असू द्या. माझ्या एका पुस्तकात एका उत्तराचं चिन्ह उलटं छापलं होतं आणि मी दोन संध्याकाळी स्वतःलाच चुकीचं ठरवत बसले, मग मैत्रिणीच्या नव्या एडिशनमध्ये बघितलं तर दुरुस्त केलेलं. कॉम्प्युटर सायन्सचे नावाजलेले लेखक डोनाल्ड कनुथ तर आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक द्यायचे म्हणून प्रसिद्ध आहेत, एवढा मोठा माणूस चूक असणार हे धरूनच चालतो. त्यामुळे छोट्या आकड्यांनी तीनदा तपासून तुमचंच उत्तर येत असेल तर पुस्तकाच्या चुकांची यादी शोधा, नाहीतर दुसरं पुस्तक उघडा.

परीक्षेला दहा-बारा दिवसच राहिले असतील तर हे सगळं जमणार नाही, हे मी खोटं सांगणार नाही. तेव्हा मागचे पेपर घ्या, लोकल ऑथर घ्या, पास व्हा, केटी नको. पण वही फेकू नका, आणि प्रश्नांची ती दहा पानं तर अजिबात नको, सुट्टीत रोज एक प्रश्न घ्या.

माझी पहिली वही अजून माझ्याकडे आहे, कपाटात, कव्हर गेलंय. प्रश्न नंबर ७, "एच उलटा का करायचा", आणि त्याच्यापुढे उत्तराची तारीख आहे आठ महिन्यांनंतरची. मधले आठ महिने मी तो विषय पास होऊन पुढे गेले होते, आणि एक दिवस कंट्रोल सिस्टिम्स वाचताना उठून ती वही काढली होती. भाच्याच्या वहीत सध्या १४ प्रश्न आहेत, त्यातले ५ बंद झालेत. काल त्याने फोटो पाठवला, नवीन प्रश्न लिहिलाय: "१२३ गुणिले २१ ला हातचा आला नाही म्हणून जुळलं. मग ७८९ गुणिले ९८ ला हातचा येतो तेव्हा तो हातचा म्हणजे सिग्नलमध्ये काय?" मी त्याला उत्तर सांगितलेलं नाही, पाऊण तास स्वतः बस म्हटलंय.